वाणात गेलेली कादंबरी

जिंतुरात माझी पहिली कादंबरी एकाच संध्याकाळी संपली. त्या वेळी मी बोरीच्या शिवारात हुरडा खात बसलो होतो.

त्या काळी मी स्वतंत्र कादंबरीकार होतो. स्वतंत्र म्हणजे ज्याला प्रकाशक मिळालेला नाही असा. पुण्यातल्या प्रकाशकांनी माझं हस्तलिखित इतक्या झटपट परत पाठवलं, की मला टपालखात्याबद्दल नव्यानं आदर वाटू लागला. शेवटी परभणीच्या एका छापखान्यात मी ती स्वतःच छापून घेतली. नाव होतं ‘अस्वस्थ क्षितिजाचे ऋण’. (त्याचा अर्थ तेव्हा मला ठाऊक होता. आता आठवत नाही.) माझी बायको सुमन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि घर सांभाळत होती. मी घरी बसून मराठी साहित्य सांभाळत होतो.

बसून म्हणायचं एवढंच, कारण बसवत कुठं होतं! लिहायला बसलो की वाटायचं, अरे, छापलेल्या पुस्तकाचा प्रचार कोण करणार? प्रचाराला निघालो की वाटायचं, माणसानं जगायचं कधी? आणि जगायला म्हणून मित्राच्या मळ्यात जाऊन पडलो की दुसऱ्या कादंबरीचं प्रकरण डोक्यात उड्या मारायला लागायचं. आमची आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, आमच्याकडेच असायची. ती म्हणायची, “सुद्या, तुझ्या बुडाखाली काय इंगळ्या हायत का रं? बस की जरा एका जागी!”

प्रचारात मात्र मी कसूर केली नाही. गावात तंबूतल्या सिनेमाची जाहिरात करत एक सायकलरिक्षा भोंगा लावून फिरायची. त्या रिक्षावाल्याला मी पटवलं, की सिनेमाच्या पाठोपाठ माझ्या कादंबरीचं नाव घे. त्यानं घेतलं. पण गडी सवयीचा गुलाम! “येत आहे, येत आहे! अस्वस्थ क्षितिजाचे ऋण! रोज तीन खेळ! बायकांची बसण्याची सोय अलग!” दुसऱ्या दिवशी दोन इसम दारात हजर.

“फायटिंग हाय का हेच्यात?”

“मनातली आहे,” मी म्हणालो.

“मनातली?” एकानं दुसऱ्याकडं बघितलं. “चल रे. खामखा आलो.”

प्रकाशन समारंभाची तारीख दोनदा बदलली होती. एकदा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून बंद होता आणि एसट्या थांबल्या होत्या, एकदा पाहुण्यांचं पोट बिघडलं होतं. पाहुणे म्हणजे औरंगाबादचे ज्येष्ठ समीक्षक. त्यांनी बरं म्हटलं की वर्तमानपत्रं छापत, ग्रंथालयं पुस्तक मागवत आणि सासुरवाडी जावयाला लेखक समजू लागे. तिसरी तारीख संक्रांतीनंतरच्या रविवारी ठरली. त्यांनी कळवलं, “यावेळी जमलं तर जमलं.” म्हणजे माझं सगळं लेखकपण त्या एका रविवारावर येऊन थांबलं होतं. बांधून झालेल्या प्रतींची खोकी घरात येऊन पडली होती. उरलेल्या प्रती सुट्या कागदांच्या रूपात बाइंडरकडे होत्या आणि बाइंडर मेव्हणीच्या लग्नाला गेला होता.

आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी, सुमनचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

“परभणीला चाललात तर वाण आणा,” ती म्हणाली. “चहाच्या गाळण्या. आठवणीनं! सगळ्या गल्लीला बोलावणं गेलंय.”

मी आठवणीनं गाळण्या घेतल्या. छापखान्यातून समारंभाची हँडबिलंही घेतली. दोन्ही एकाच दुकानाच्या, एकाच रंगाच्या कापडी पिशव्यांत भरली. (इथंच जाणत्या वाचकाला पुढचं सगळं दिसलं असेल. मला दिसलं नाही. मी कादंबरीकार होतो.)

शुक्रवारी दुपारच्या एसटीनं परत निघालो. बोरीच्या फाट्यावर गाडी थांबली तर खाली माझा मित्र दत्तराव उभा!

“उतर खाली! हुरडा भाजायलोत मळ्यात. वांगी हायत, लसणाची चटणी हाय, दही हाय. चल!”

“अरे, घरी हळदीकुंकू आहे...”

“मंग तू काय लुगडं नेसून बसणार हायस का तितं? उतर!”

कंडक्टर आमच्याच गल्लीतला होता. एसटीच्या हाती डबा, पिशवी, क्वचित पाहुणासुद्धा पाठवायची आपल्याकडं रीतच आहे. मी त्याला एक पिशवी दिली. “घरी सुमनच्या हातात दे. वाट बघायलीय ती.” दुसरी काखेत मारली आणि उतरलो. एका दगडात संसार आणि हुरडा दोन्ही साधले म्हणून स्वतःवर जाम खूश होतो.

मळ्यात गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजत होती. तळहातावर चोळून गरम दाणे पुढ्यात येत होते. दहाबारा मंडळी जमली होती. म्हटलं, आयते वाचक बसलेत, प्रचार करून घ्यावा. ऐटीत पिशवी उघडली, हात घातला आणि मूठभर गाळण्या बाहेर काढल्या.

“हे कादंबरीचं हाय?” दत्तरावानं विचारलं.

पोटात गोळा आला. पण हुरडाही पोटातच होता आणि तो गोड होता. मी विचार केला, सुमन हुशार आहे, काहीतरी इंतजाम करीलच. मग दुसऱ्या कादंबरीचं प्रकरण सुचायला लागलं, मग दत्तरावानं राहायचाच आग्रह केला, आणि मी राहिलो.

शनिवारी सकाळी घरी आलो. खोकी रिकामी होती.

“सुमन! पुस्तकं कुठं गेली?”

“संपली,” ती वही तपासता तपासता म्हणाली.

“संपली?” माझा आवाज चिरकला. “कुणी नेली?”

“बायकांनी.”

“सगळी?”

“सगळी. काहीजणींनी तर जावेसाठी दुसरी मागून नेली.”

मी उभ्या उभ्या बेत आखायला लागलो. दुसरी आवृत्ती! मुखपृष्ठ बदलावं का? मनोगतात कुणाकुणाचे आभार मानावेत?

“वाण म्हणून दिली,” सुमन म्हणाली.

“काय?”

आता तिनं वही मिटली. “मंग काय करू? घर बायकांनी भरलेलं. हळद लावून झाली, कुंकू लावून झालं, तिळगूळ झाला, ओटी भरून झाली. पिशवी उघडली तर आत तुमची हँडबिलं! अन् वर काय छापलेलं? ‘घराघरांत पोचलीच पाहिजे अशी कादंबरी! संधी दवडू नका!’ मला वाटलं, तुमीच तसा निरोप पाठवलाय. म्हटलं, ह्यांच्या डोक्यात काय येईल सांगता येत न्हाई. दिली पोचवून घराघरांत!”

ते वाक्य मीच लिहिलं होतं. पण उद्या प्रकाशन! आणि प्रकाशनाला पुस्तकच नाही! मी पायांत चपला अडकवल्या. “चाललो. एकेक परत आणतो.”

“कुठं निघालास?” आत्या माजघरातून कडाडली. “वाण माघारी आणायलास? येड लागलं का रं? सौभाग्याचं वाण हाय ते! परत घेतलं तर देणारणीच्या नवऱ्याचं आयुष्य घटतं!”

“आत्या, तो नवरा मीच आहे! माझी हरकत नाही!”

“तुला कोण विचारायलंय?”

तरी मी गेलो. पहिल्याच घरी, शेजारच्या देशपांडे वहिनींनी माझं पुस्तक देवघरात तांब्याशेजारी उभं केलं होतं. मुखपृष्ठावरच्या क्षितिजावर हळदीची पाच बोटं आणि वर दोन तांदूळ.

“वहिनी, एक दिवसापुरतं द्याल का?”

वहिनींनी कानाला हात लावले. “नको गं बाई! सुमनबाईच्या कुंकवाचं हाय. तुमच्या जिवावर उठू का आमी?”

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरच्या बाईंनी तर मलाच दटावलं, “जिवाची काळजी घ्या जरा, बायकोचं तोंड बघा!” अख्ख्या गल्लीला माझं आयुष्य हवं होतं आणि मला फक्त माझं पुस्तक हवं होतं! घामाघूम होऊन घरी आलो आणि ओट्यावर डोकं धरून बसलो. खोटं कशाला सांगू, रडू येत होतं. इतकी वर्षं लिहिलेलं, आणि ते लोकांच्या देवघरात अक्षता झेलत उभं!

सुमन बाहेर आली. चहाचा कप हातात दिला. म्हणाली, “वाण परत घेता येत न्हाई. पण बायकांना बोलावता येतं की न्हाई? उद्या पुस्तक घेऊन या म्हणावं. एकदोन दिसली काय अन् शंभर दिसली काय, पाहुण्यांना दिसल्याशी काम.”

“पण कागदात गुंडाळून पाहुण्यांच्या हातात द्यायला एक तरी कोरी प्रत हवी! हळदीची कशी देऊ?”

“वाघमारे बाईंची हाय.”

वाघमारे बाई सुमनच्याच शाळेत शिकवायच्या. बौद्ध कुटुंब. त्या हळदीकुंकू घेत नसत, पण संक्रांतीचा तिळगूळ घ्यायला हटकून येत. आंबेडकर जयंतीला आम्ही त्यांच्याकडे खीर खायला जायचो. त्यांनी वाण म्हणून नव्हे, पुस्तक म्हणून पुस्तक नेलं होतं. आयुष्य घटण्याचा प्रश्नच नव्हता!

रविवारी ऐन वेळी त्यांनी प्रत आणून दिली. “भाऊ, जरा खुणा केल्यात हं मी. तपासायची सवय पडली.”

खुणा! वाचकानं खुणा केलेली प्रत! लेखकाला आणखी काय लागतं? मी ती उघडूनही न बघता सोनेरी कागदात गुंडाळली आणि व्यासपीठावर ठेवली.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या ठेवणीतल्या साड्या, केसांत अबोली, आणि प्रत्येकीच्या मांडीवर ‘अस्वस्थ क्षितिजाचे ऋण’! पाहुणे दारातच थबकले. “प्रकाशनाआधीच एवढे वाचक? मराठवाड्यात हे मी प्रथमच बघतोय.” मी नम्रपणे मान खाली घातली. (तेव्हा मान खाली घालायची गरज नव्हती. ती पुढं पडली.)

पाहुण्यांनी कागद सोडला, पुस्तक उंच धरलं, टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, “एखादा उतारा वाचून दाखवतो,” आणि पान उघडलं. थांबले. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

“इथं समासात कुणीतरी लाल शाईनं लिहिलंय,” ते म्हणाले. “‘अजून सूर्य उगवतोच आहे.’”

सभागृह हसलं. मीही हसलो, मोठ्या मनानं. त्यांनी चार पानं उलटली.

“‘सूर्य एकदाचा वर आला. हुश्श.’”

आता बायका पदरात हसू लागल्या. पाहुण्यांना रंग चढला होता!

“‘नायक पुन्हा अस्वस्थ. याला काही कामधंदा नाही का?’”

“त्याचंच लिवलंय गं बाई ते!” पहिल्या रांगेतून आत्या ओरडली. मग काय, छप्पर उडायचं बाकी राहिलं. देशपांडे वहिनींना ठसका लागला. वाघमारे बाई दोन्ही हातांनी तोंड झाकून बसल्या होत्या. मी मागच्या दाराकडे जायला खुर्ची सरकवली, तर सुमननं खालून डोळे वटारले. बसलो. आयुष्यात एवढा वेळ एका जागी मी पहिल्यांदाच बसलो असेन.

पाहुणे उलटत उलटत शेवटाकडं आले आणि हसायचे थांबले. तिथं नायक नोकरीसाठी गाव सोडतो. एसटी वळणापलीकडं जाते, तरी त्याची आई फाट्यावर हात हलवत उभी राहते. ते प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं होतं. ना प्रचार आठवला होता, ना हुरडा.

“इथं दोनच शब्द आहेत,” पाहुणे म्हणाले. “‘हे खरं.’” थोडं थांबून ते पुढं म्हणाले, “मी जन्मभर समीक्षा लिहिली. एवढं नेमकं मला लिहिता आलं नाही.”

मी आभार मानायला उठलो. तेवढ्यात कुणीतरी मागून विचारलं, “सुमनबाई, गाळण्या आणल्या म्हणं तुमच्या मालकांनी. त्या कुठं हायत?”

सुमन पिशवी घेऊनच आली होती. प्रकाशन समारंभाला आलेल्या प्रत्येकीला दारात चहाची गाळणी देण्यात आली. पाहुण्यांनीही एक मागून घेतली, उजेडात धरून बघितली आणि माझ्या हातात ठेवली. “राहू द्या तुमच्याकडंच. पुढची कादंबरी छापायच्या आधी हिच्यातून काढा.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझ्याबरोबर लिहिणाऱ्यांची पुस्तकं केव्हाच रद्दीत गेली. मी स्वतः त्यांच्या पानांतून भजी खाल्ली आहेत. पण माझं ‘ऋण’ जिंतुरात अजून घराघरांत आहे, देवघरातल्या फळीवर, हळदीच्या बोटांसकट! मी एकदा छाती फुगवून आत्याला म्हणालो, “बघितलंस? लोक जपतात म्हटलं!”

“जपणारच की,” आत्या म्हणाली. “सौभाग्याचं वाण रद्दीत टाकतंय का कुणी? ज्याच्या नावाचं हाय त्यो जिता हाय तवर जपायचं. मंग काय, मोकळं!”

लेखक गेला तरी त्याचं साहित्य उरतं म्हणतात. माझं मात्र मी आहे तोवरच! मी डोळे मिटायचा अवकाश, अख्खं गाव रद्दीच्या तागडीवाल्याला हाक मारणार. म्हणून रोज सकाळी न चुकता गावाबाहेर फिरून येतो आणि वरणावर तूप बेतानंच घेतो. आत्याला वाटतं, मला मरणाची भीती वाटते. तिला काय सांगू? हे सगळं मी निव्वळ मराठी साहित्यासाठी करतो आहे!