फुलाने खाल्लेला रोट

फुला गेल्याची बातमी मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळली, डबा उघडता उघडता. आषाढ संपत आला होता. भूगोलाच्या मॅडमनी मोबाइल माझ्यापुढे धरला नि म्हणाल्या, "अहो, ही तुमच्या नरडाण्याची ना? गेली बघा बिचारी, तिकडे पोर्तुगालात. आजारी होती म्हणे." मी डबा बंद केला. पुढच्या तासाला सातवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवले, आणि चांगले शिकवले. शनिवारी धुळ्याहून माहेरी नरडाण्याला गेले तर फाट्यावर बॅनर लागलेला. 'खान्देशकन्येला भावपूर्ण श्रद्धांजली.' फुलाचा फोटो वरच्या कोपऱ्यात, पासपोर्टाएवढा, आणि खाली हात जोडून उभ्या पुढाऱ्यांची ही लांब रांग. त्यातल्या निम्म्या लोकांनी तिला आयुष्यात 'गुरख्यानी पोर' याशिवाय दुसरी हाक मारलेली नाही. आता या पुरवणीच्या संपादकांनी मला सांगितलंय, बालमैत्रीण म्हणून चार हृद्य आठवणी लिहा. हृद्य म्हणावं असं माझ्याकडे फारसं काही नाही. जे आहे ते लिहिते.

तिचं नाव फूलमाया. बाप नेपाळचा. आमच्या घराच्या मागे कापसाची एक जिनिंग होती, तिथे रात्रीचा पहारेकरी म्हणून तो आला, तेव्हा ही आठ वर्षांची असेल. आई तिकडेच वारलेली. बापलेकीला गेटजवळची एक खोली दिली होती, पत्र्याची. बाप रात्रभर जागायचा आणि दिवसभर झोपायचा, म्हणून त्या खोलीत दिवसा आवाज करायचा नाही, हा नियम. आठ वर्षांच्या पोरीने उठायचं, चूल पेटवायची, भांडी घासायची, सगळं बिनआवाजाचं. शाळेत तिची भाषा कोणाला कळेना, आमची तिला कळेना. तिच्या डोळ्यांवरून मुलं चिडवायची. चिडवणाऱ्यांत मीही होते, उगाच सोवळी कशाला होऊ... तर ही पोर गायची, पण तोंड मिटून. ओठ बंद, आणि आत गाणं चाललेलं. बाप उठू नये म्हणून लागलेली सवय ती. पुढे परदेशातल्या मोठमोठ्या जाणकारांनी तिच्या त्या मिटल्या ओठांच्या आलापावर पानंच्या पानं लिहिली. कोणी त्यात हिमालयातली शांतता ऐकली, कोणी ध्यानधारणा ऐकली. त्यांना काय माहीत, तिथे पत्र्याच्या खोलीत एक थकलेला माणूस घोरत होता.

तिला आमच्या घरात आणली ती माझ्या मायने. माय परसात शेंगा फोडत बसली होती नि कुंपणापलीकडून ते गुणगुणणं ऐकू आलं. मायचा गळा गावात नावाजलेला. कानबाई बसली की चार गल्ल्यांतल्या बाया मायला बोलवायला यायच्या. तिने कुंपणावरून हाक मारली, "ये वं पोरी, इकडे ये." बस, त्या दिवसापासून फुला आमच्याच ओट्यावर. मायने तिला कानबाईची सगळी गाणी शिकवली, आणि गाण्यांतूनच ती अहिराणी शिकली. वर्षभरात आमच्यासारखी बोलायला लागली. मला मायने किती वेळा शिकवायचा प्रयत्न केला, पण माझा सूर कधी लागलाच नाही. माय मला म्हणायची, "तू राहू दे, तू भाकरी थाप." आठ-नऊ वर्षांच्या पोरीला हे किती लागतं, ते ज्याला लागलंय त्यालाच कळेल. मला फुलाचा राग येत होता. तिच्याशी खेळत होते, तिच्या वेण्या घालत होते आणि रागही येत होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणातल्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालून, साडीचोळी नेसवून देवी करायची, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायची. नैवेद्याला रोट असतात, गहू आणि हरभऱ्याच्या डाळीच्या जाड दळणाचे. त्यासाठी गहू घ्यायचे ते घरातल्या पुरुषांच्या नावाने, एकेकाची सव्वा मूठ. पाळण्यातल्या पोराचीही सव्वा मूठ. बाईच्या नावाची नाही. आणि हे रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. परक्याला तुकडा द्यायचा नाही, उरले तर जमिनीत पुरायचे. आमच्या घरी तर लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही चालत नाहीत. चाळीस वर्षं रोट थापणाऱ्या मायला हे कधी वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही नाही.

फुला अकरा वर्षांची होती त्या साली मायचा घसा बसला होता. गाणी सगळी फुलाने म्हटली. रविवारी दुपारी आरतीआधी जी बसली ती उठलीच नाही, बाया तिच्या मागे म्हणत होत्या. एका गाण्यात शेवटची ओळ आम्ही सरळ खाली आणून सोडायचो. तिने ती सोडलीच नाही, वर नेऊन, जरा थांबवून, मग हळूच उतरवली. माझ्या थोरल्या काकू, ज्यांना गल्ली जिजाक्का म्हणते, त्यांच्यासुद्धा डोळ्यांत पाणी. आणि मग पानं मांडली. फुलाला कोणी हाकललं नाही, आमच्याकडे तसं तोंडावर करत नाहीत. नुसतं तिचं पान मांडलं नाही. ती पायरीवर बसून राहिली. मी हात धुवायला बाहेर आले तेव्हा मला म्हणाली, "सुरे, रोट कसा लागस वं?"

मला तिची दया आली म्हणावं, तर तसं नव्हतं. मला मोठेपणा करायचा होता. गाणं तुझं असेल, पण रोट माझ्या घरचा आहे, मी दिला तर तुला मिळेल... असं काहीतरी. मी आत जाऊन फडक्याखालचा एक रोट काढला, झग्याच्या खिशात घातला आणि जिनिंगच्या भिंतीआड तिला नेऊन दिला. तिने उभ्या उभ्या खाल्ला. शेवटी तळहात चाटला. म्हणाली, "गोड नही शे." तिला वाटलं होतं, एवढं जपतात म्हणजे गोड असणार.

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाला ताप भरला, उतरेना. रोट मोजलेले असतात. एक कमी आहे हे जिजाक्काच्या लक्षात आलं होतंच, तापाने त्याला अर्थ आला. ओसरीवर सगळ्या बाया जमल्या. मायने मला विचारलं, फुलालाही बोलावून घेतलं. जिजाक्का म्हणाल्या, "रोट कोनी खादा? खरं सांगा." फुला खाली बघत होती. मी सांगितलं, "फुलानी लिधा. मी देखं." तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं. काय बोलणार होती? खाल्ला तर तिनेच होता. मी मार चुकवला, एवढंच. भावाचा ताप पाच-सहा दिवसांत उतरला, दवाखान्यातल्या सलाइनने. पण तोवर जिनिंगच्या मॅनेजरकडे निरोप गेला होता की गुरख्याची पोर चोर आहे, घराघरांत फिरते. पहारेकऱ्याचीच पोर चोर म्हटल्यावर त्याला कोण ठेवणार? पोळ्याच्या आधी बापलेक पत्र्याची पेटी घेऊन स्टेशनवर गेले. मी त्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून अंथरुणात पडून राहिले. निरोप द्यायला कोणीच गेलं नाही, मायसुद्धा नाही.

पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. सुरत, मग दिल्ली, मग बाप हॉटेलात कामाला लागला तो लिस्बनमध्ये. तिथेही ती परकीच, तिथेही पुन्हा एक खोली आणि बाप रात्रपाळीला. भांडी घासताना ती मिटल्या ओठांनी गात होती, ते तिथल्या एका वादकाने ऐकलं, त्याने तिला आपल्याबरोबर बसवलं. मग रेकॉर्डिंग, दौरे, बक्षिसं, कुठल्या कुठल्या देशांतली खच्चून भरलेली सभागृहं. आणि ती गात काय होती? तर आमची कानबाईची गाणी, अहिराणीत. तिकडचे लोक म्हणत हिमालयाचं संगीत. ती दर मुलाखतीत सांगायची, नाही हो, हे खान्देशातलं, नरडाणा म्हणून गाव आहे, तिथे एका बाईने मला शिकवलं. त्या बाईला तिने कधी नावं ठेवली नाहीत. मलाही नाही. मी पहिल्यांदा ते मोबाइलवर ऐकलं तेव्हा ती वर नेलेली शेवटची ओळ आली नि मी आवाज बंद केला. घरात कोणी नव्हतं, तरी बंद केला.

मग आमच्या लोकांना साक्षात्कार झाला की ही तर आपली लेक. धुळ्यात तिचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, भाषणं. एका पुढाऱ्याला कोणीतरी सांगितलं असावं, त्यांनी स्टेजवर चांदीच्या ताटात रोट आणवला. श्रावण नाही, कानबाई नाही, भर हिवाळ्यात रोट. माइकवर म्हणाले, "ही आमच्या घरची लेक, हिचा मान." सव्वा मूठ कोणाच्या नावाची घेतली होती कोण जाणे. फुलाने ताटाला हात लावून नमस्कार केला नि म्हणाली, "मनं पोट भरेल शे, नाना." लोक हसले, टाळ्या वाजवल्या. अहिराणी काय गोड बोलते म्हणून कौतुक झालं. ती तिसऱ्या रांगेकडे बघत होती, जिथे मी बसले होते.

नंतर तिने मला विश्रामगृहावर बोलावलं. केस पांढरे व्हायला लागले होते, खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, अगदी आमच्या ओट्यावर बसायची तशी. मी रडायला लागले, माफी मागायला लागले, तर तिने हाताने थांबवलं. तिला माझं रडणं नको होतं. तिला एकच गोष्ट हवी होती. म्हणाली, "तुनी मायनी माले गाणं शिकाडं. तिना मनमा मी चोर नको. तिले सांगशी का?" मी म्हटलं, सांगसू. शपथ घातली नव्हती तिने, पण मी स्वतःहून घेतली.

धुळ्याहून नरडाणा तासाभराच्याही आत येतं. मला ते अंतर कापायला सहा वर्षं पुरली नाहीत. दर श्रावणात तिचा फोन यायचा. आधी कानबाई कशी झाली ते विचारायची, मग थोडं थांबून, "सांगं का?" मी कारणं द्यायचे. मायचं बीपी वाढलंय... भावाकडे लग्न आहे... आता तिला नीट ऐकू येत नाही. मुलांना मी खोटं बोलू नका म्हणून फळ्यावर सुविचार लिहिते, त्याच हाताने फोन धरून हे बोलत होते. गेल्या साली फोन आला, कानबाईची चौकशी केली, आणि तिने विचारलंच नाही. मला केवढं हायसं वाटलं. ती तेव्हा आजारी होती, हे मला आता कळतंय.

यंदा कानबाईला मी नरडाण्याला गेले. आता भाऊ-भावजय सगळं करतात, माय चुलीजवळ पाटावर बसून सांगत असते. भावजय गहू मोजत होती, सव्वा मूठ भाच्याची, सव्वा मूठ भावाची. ती ते दळून आणायला बाहेर गेली तेव्हा मी मायच्या कानाशी बसले नि सगळं सांगितलं. रोट मी काढला, मी दिला, खोटं मी बोलले. माय ऐकत होती. हातातल्या फडक्याची तिने नीट चौघडी घातली.

"माले मालूम व्हतं," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. पण ती पुढे बोलली, अगदी साध्या आवाजात. "तुना झगा मीच धुयना ना. खिसामा भुगा व्हता रोटना."

"मंग तू बोलनी का नही?"

"तू मनी आंडेर. ती कोनी व्हती?"

आंडेर म्हणजे लेक. ती माझी आई आहे, ऐंशीच्या पुढची, आणि तिने मला वाचवलं होतं. तिने मला वाचवलं त्याची किंमत एका अकरा वर्षांच्या पोरीने भरली, आणि ती पोर जन्मभर जगाला सांगत फिरली की गाणं मला त्या माउलीने दिलं. फुला मेली ती या बाईच्या मनात आपण चोर आहोत असं समजून. तसं नव्हतं. ती चोर नाही हे या घरात दोघींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि दोघी गप्प बसलो.

आरती झाली, बायांनी गाणी धरली. आता नव्या सुना आहेत, त्यांनी फुलाला कधी बघितलंही नाही. ते गाणं आलं. शेवटच्या ओळीला सगळ्यांचा आवाज वर गेला, जरा थांबला, मग हळूच उतरला. आमची कोणाचीच रीत ती नव्हती. फुला गाव सोडून गेल्यापासून ती ओळ आमच्या गल्लीत कोणी खाली आणून सोडलेलीच नाही, आणि हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. माय डोळे मिटून, ओठ मिटून, त्यांच्यासोबत आतल्या आत म्हणत होती. मग पानं मांडली. लग्न झालेल्या लेकीला रोट चालत नाही, म्हणून माझं पान नव्हतं. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले.