पोचल्याची रिंग

"भावजी, तुम्ही तर म्हणालात तो पोचला म्हणून!"

सात आठवडे झाले, वैशालीचं हे वाक्य कानातून जात नाही. शनिवारची संध्याकाळ होती. हार्लेमला तिच्या दारात पोलीस उभे होते आणि ती मला फोनवर जाब विचारत होती. तिच्या नवऱ्याची, माझ्या मित्राची, शिरीषची बोट स्टाव्होरन बंदराच्या अलीकडे शिडं फडफडत नुसतीच तरंगताना कुणाला तरी दिसली. शिरीष आतच होता. हार्ट अटॅक. फोन हाताशी पडलेला...

आम्ही दोघं पुण्याहून एकाच प्रोजेक्टवर इकडे डच मुलखात आलो. तो हार्लेमला राहिला, मी हूफडॉर्पला. कोथरूडच्या या माणसाचा पाण्याशी संबंध काय तो पोहण्याच्या क्लासपुरता, पण चाळिशीत त्याला शिडाच्या बोटीचं वेड लागलं आणि त्याने एक जुनी बोट घेतली. आयसेलमेअर म्हणजे समुद्राला बांध घालून केलेलं भलंमोठं तळं, काठाकाठाने जुनी बंदराची गावं. एप्रिल ते ऑक्टोबर हा गृहस्थ दर शनिवारी मेडेम्ब्लिकहून एन्क्हाउझन, एन्क्हाउझनहून स्टाव्होरन असा एकटाच भटकायचा. मला दोनदा नेलं, दोन्ही वेळा मी ओकलो. "तुझा उपयोग जमिनीवरच आहे," म्हणाला आणि मला एक काम नेमून दिलं.

बंदराला लागला की तो मला मिस्ड कॉल देणार आणि मी वैशालीला 'पोचला' असं कळवायचं. तिला पाण्याची भयंकर धास्ती. शनिवारी त्याचं नाव फोनवर दिसलं तरी तिला वाईटच सुचायचं, म्हणून मध्ये मी. कॉलेजात असताना घरी पोचलो की एक रिंग देऊन कापायचो, तेच आम्ही पन्नाशीला आलो तरी चालू ठेवलं होतं. उचलायला मात्र सक्त बंदी. एकदा गंमत म्हणून उचलला तर ओरडला, "गाढवा, दोर बांधायचाय मला, गप्पा कसल्या मारतोस!"

त्या शनिवारी तो एन्क्हाउझनहून दुपारी एक वाजता निघाला. पावणेदोनला माझा फोन वाजला. स्टाव्होरनला पोचायला त्याला तीन तास तरी लागायचे, हे मला पाठ होतं. तरीही मनात आलं ते एवढंच, की आज वारा चांगला दिसतोय. मी कणीक मळत होतो. हात धुतले आणि वैशालीला मेसेज टाकला. पोचला.

एकच रिंग आली, असं मी सगळ्यांना सांगितलं. पोलिसांना, वैशालीला, माझ्या बायकोलाही. ते खोटं आहे. फोन वाजत राहिला होता... शेवटपर्यंत. "कापायला विसरला वाटतं लेकाचा," असं म्हणून मी हसलो होतो. त्या हसण्याची मला आज किळस येते. उचलला असता तर तो वाचला असता का, हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण निदान कुणीतरी त्याच्याशी बोललं असतं.

मागच्या रविवारी हार्लेमला जाऊन इथपर्यंतचं वैशालीला वाचून दाखवलं. तिला न सांगता छापायला देणं मला जमलं नसतं.

"म्हणजे त्याने कापला नव्हता," एवढंच ती म्हणाली.

मग तिने चहा केला. तो दोघांनाही गेला नाही. निघताना दारात उभी राहून, शिरीष मला निरोप देताना म्हणायचा तसंच म्हणाली, "पोचलात की रिंग द्या."

घरी आल्यावर बूटही न काढता फोन लावला. ती फोन समोर ठेवून बसली असणार, याची मला खात्री आहे. मी कापला नाही. तिनेही उचलला नाही. शेवटपर्यंत वाजू दिला.