पोटाला विरजण

माझी लेक अडीच महिने आधीच जन्मली. नांदेडच्या दवाखान्यात ती काचेच्या पेटीत होती आणि मी बाहेर येरझारा घालत होते. डॉक्टर म्हणाले, "आतडी कच्ची आहेत, दुधातून चांगले जंतू देऊ." माझं डोकंच फिरलं. मला तीनतीनदा हात धुवायला लावता आणि लेकराला जंतू पाजता?

अर्धापूरहून आलेल्या सासूबाईंनी मात्र लगेच मान डोलावली. "अगं, विरजण लावून राहिले ते पोटाला."

नळीतून थेंबभर दूध आत गेलं. मी पुन्हा येरझारा घालू लागले, तसं सासूबाईंनी हात धरून मला बाकड्यावर बसवलं. "विरजण लावल्यावर भांडं हलवत न्हाईत."

मी न हलता बसले. तरी बाकडं हलतच होतं. खाली पाहिलं, तर सासूबाईंचा पाय थांबत नव्हता.