फरशीपर्यंतचा रस्ता

जूनमधल्या एका रविवारी सकाळी विलास सायकल घेऊन उजनी धरणाच्या आटलेल्या पात्रात उतरला आणि परत आला नाही. दुपारी सुनंदावहिनींचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. मी भाचीच्या लग्नासाठी कोल्हापूरला होतो. इंदापूरला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर त्याला बाहेर काढलं होतं.

विलास बारामतीच्या एमआयडीसीत एका दूध प्रकल्पात देखरेखीचं काम करायचा, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात. आमची ओळख सायकलमुळे झाली आणि वाढलीही तिच्यामुळेच. दोघेही पन्नाशीला टेकलेले. हेल्मेट आणि तंग कपडे घालून उजाडताना भवानीनगरच्या रस्त्याला लागायचो, तेव्हा उसाच्या ट्रॉल्यांजवळ चहा पीत उभी असलेली माणसं हसायची. "काय सायेब, पेट्रोल परवडंना व्हय?" एकाने एकदा विचारलं. विलास ब्रेक न दाबता ओरडला, "पेट्रोल परवडतंय ओ, बायको लई खायला घालतीया!" पुढच्या वळणापर्यंत हशा ऐकू येत होता. तो असा होता. बोलायचं काम त्याचं, ऐकायचं माझं.

कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता आमचा नेहमीचा. एका हाताला काठोकाठ भरलेलं, आवाज न करता सरकणारं पाणी आणि दुसऱ्या हाताला ऊस, इतका दाट की दोन पावलं आतलं दिसू नये. या रस्त्यावर विलास कायम उसाच्या अंगाने चालवायचा. "पाण्याकडनं तू चल," एवढंच म्हणायचा. त्याला पोहता येत नव्हतं. मी कारण कधी विचारलं नाही, कारण ते मला माहीत होतं. त्याचं गाव पाण्याखाली होतं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तो आईच्या मांडीवर होता आणि घर बैलगाडीत. कुठलीही आठवण नसताना माणूस एखाद्या गावचा कसा असू शकतो, हे मी त्याच्याकडे पाहून शिकलो.

कडबनवाडीच्या माळावरची एक सकाळ मात्र विसरता येत नाही. गवत वाळून पिवळं झालेलं, चिंकारांचा कळप लांब, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. ते कशाकडे बघतायत म्हणून आम्ही वळलो, तर आमच्या मागे थोड्या अंतरावर लांडगा. तो धावत नव्हता. आम्ही वेग वाढवला की तो वाढवायचा, आम्ही थांबलो की बसायचा. माळ संपून डांबरी रस्ता लागेपर्यंत तो बरोबर होता... नंतर टपरीवर विलासने चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. "त्याला घाई न्हवती, बघितलंस का?" तो म्हणाला. "घाई नसलेल्याची जास्त भीती वाटती मला."

पण त्याच्या वर्षातली खरी फेरी मे महिन्यातली. उजनीचं पाणी उतरायला लागलं की जुना रस्ता वर येतो. डांबर कधीच गेलेलं, नुसती खडी. दोन्ही बाजूंना वठलेल्या बाभळींची खुंटं, त्यांना चिकटलेले शिंपले. एक मैलाचा दगड आहे, त्याच्यावरची अक्षरं शेवाळाने खाल्ली आहेत. हा रस्ता उतारावरून सरळ जातो आणि न वळता, न थांबता पाण्यात शिरतो. आम्ही तिथवर जायचो, पुढचं चाक पाण्यात बुडवायचो आणि माघारी फिरायचो. पाणी ज्या वर्षी जास्त उतरेल त्या वर्षी रस्ता जास्त लांब. मग महामार्गाजवळच्या पुनर्वसन वस्तीत विलासच्या वडिलांकडे, तात्यांकडे, जेवायला. तात्या पडवीत खाटेवर वाट बघत असायचे. त्यांचा प्रश्न ठरलेला.

"कुठवर गेलतास?"

"मैलाच्या दगडाच्या फुडं, तात्या. थोडं."

"मग चिंच ऱ्हायली." आणि तात्या डोळे मिटून पुढचा रस्ता सांगायचे. दगडानंतर चिंच. चिंचेनंतर ओढा, ओढ्यावर फरशी. आमच्याकडे ओढ्यावरच्या बुटक्या दगडी पुलाला फरशी म्हणतात. फरशी ओलांडली की उजव्या हाताला मारुती, आणि मारुतीच्या मागं आपलं जोतं. "जोत्यावर एकदा हुबा राहून ये," ते म्हणायचे. "मला आता जमत न्हाय. तू जाऊन आलास की मी मोकळा." लगेच त्यांची नजर विलासच्या बुटांवर जायची. पेडलला खटकन अडकणारे ते बूट त्यांना कधी पटले नाहीत. "पाय बांधून सायकल चालवतोस व्हय रं? पडलास म्हंजी?" विलास टाच फिरवून बूट सोडवून दाखवायचा. "निघतो की तात्या, हे बघा." "आता निघतोय," तात्या म्हणायचे.

गाळाची ओळख आम्हाला गेल्या उन्हाळ्यात झाली. पाणी हटलेल्या जागी एक म्हैस पाठीपर्यंत रुतली होती. माणसं फळ्या टाकून, दोर बांधून ट्रॅक्टरने ओढत होती. ती ओरडत नव्हती, फक्त बघत होती. शेवटी निघाली, पण उभी राहिली नाही. तेव्हापासून विलासच्या सायकलच्या दांडीला बाभळीची काठी बांधलेली असायची. रस्ता सोडून कुठेही पाऊल टाकण्याआधी तो उतरून काठी खुपसून बघायचा. "वरनं भाकरीवानी वाळतंय," तो म्हणायचा, "आत पिठलं." मला तर तो एक हातही बाजूला जाऊ द्यायचा नाही. पण रस्त्यावर काठी कधी सुटली नाही. मी एकदा म्हटलं, इथेही बघायला हवं. तो हसला. "रस्त्याला काय टोचायचं? खाली खडी हाय. तात्यांनी भरल्या गाड्या न्हेल्यात ह्याच्यावरनं."

यंदा पाणी इतकं उतरलं की वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनाही तसं आठवत नव्हतं. आणि यंदाच तात्यांनी अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी विलासला बाजूला घेऊन काही सांगितलं होतं. काय ते त्याने मला सांगितलं नाही, फक्त त्या आठवड्यात तो भवानीनगरच्या टपरीवरही कुणाशी बोलला नाही. मेच्या शेवटी आम्ही चिंचेच्या बुंध्यापर्यंत पोचलो. चिंच म्हणजे आता काळं खोड, माणसाच्या कंबरेएवढं. पुढे सगळं पांढरं, सपाट, भेगाळलेलं. ऊन चढत होतं. पक्षी निघून गेले होते, वारा पडला होता, आणि त्या पसाऱ्यात रस्ता कुठला आणि गाळ कुठला हे मला वेगळं दिसेना. विलासला दिसत होतं. तो बोटाने दाखवत होता, इथून असा, मग तसा, जणू लहानपणी रोज शाळेला तिथूनच जात होता. मला तिथे थांबावंसं वाटेना. पाण्याच्या बाटल्या संपल्याचं निमित्त करून मी त्याला मागे फिरवलं.

शनिवारी रात्री लग्नाच्या मांडवात त्याचा फोन आला. मागे बँड, धड ऐकू येत नव्हतं. "पुण्याकडं ढग धरलेत," तो म्हणाला. "तिकडं पाऊस लागला की हितं पाणी चढतंय. मग गेलं वर्ष."

"मी परवा येतो. मग दोघं जाऊ."

"तू ये निवांत जेवून. मी काय जोत्यावर जात न्हाय तुझ्याबिगर. नुसती फरशी बघून येतो."

सोमवारी सकाळी, अंत्यविधी झाल्यावर, ज्या मासेमाऱ्यांनी त्याला काढलं होतं त्यांच्याबरोबर मी तिथे गेलो. चिंचेपासून पुढे टायरची एक रेघ होती. कुठे डगमगलेली नाही, कुठे पाय टेकल्याची खूण नाही. ती सरळ गेली होती, आणि वाळलेला पापुद्रा जिथे फुटला होता तिथे संपली होती. एकाने तिथे बांबू घातला. बांबू जात राहिला. फरशी कधीतरी वाहून गेली होती आणि ओढा गाळाने काठाबरोबर भरून आला होता. वरून पाहणाऱ्याला तिथे ओढा होता हेही कळलं नसतं. त्याचा उजवा पाय पेडलमध्येच होता, असं त्या माणसांनी मला हळू आवाजात सांगितलं. मी मान वर केली. पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर, शेंदूर गेलेला एक उभा दगड होता. त्याच्या मागे घडीव दगडांची सरळ ओळ.

दहाव्यानंतर तात्यांनी मला जवळ बोलावलं. घरात माणसं होती, त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

"फरशी व्हती का?"

"गाळ होता तात्या. दिसली नाही."

"दिसली न्हाय, का न्हवती?"

मी त्यांच्या अंगावरची वाकळ सारखी केली. ते आढ्याकडे बघत पडून होते. तसेच म्हणाले, "मी सोता गाडी घातलीया तिच्यावरनं. त्याच्या आईला आणली ती त्याच वाटंनं." मग, "आन् जोतं?"

"आहे. तिथून दिसतं."

"म्हंजी त्यानं बघितलं."

"बघितलं असणार."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, नेहमीसारखं दगड, चिंच, फरशी म्हणतील. पण त्या दिवसापासून त्यांनी तो रस्ता कधी सांगितलेला नाही.

तात्या अजून आहेत. डॉक्टरांचा अंदाज चुकला. मी रविवारी बसने जातो, त्यांच्याजवळ बसतो. सुनंदावहिनी आता तिथेच असतात, त्या चहा आणतात. एकदा मी विलासची गाळातून काढलेली सायकल धुऊन ठेवू का विचारलं, तर तात्या खाटेवरून म्हणाले, "राहू दे. गावचा गाळ हाय त्यो."

पाणी आता मैलाच्या दगडावरून वर गेलं आहे. सायकल पडवीत खुंटीला आहे, चाकांवरचा गाळ वाळून पांढरा झाला आहे. दांडीला बाभळीची काठी आहे, आणि तिला विलासने मारलेली गाठ.