उजवीकडे सरकणारा जिना

माझा देवावरच बेताचा विश्वास, तिथे बाकीच्यांचं काय घेऊन बसलात! तुमसरला माझा धानाचा व्यापार आहे. आमची ही, म्हणजे मंदा, म्हणते की या माणसाचा विश्वास फक्त वजनकाट्यावर, आणि तोही स्वतःच्याच. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर राग मानणार नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीच पहिला हसलो असतो...

झालं असं. राईस मिलच्या मागे आमचा प्लॉट आहे, त्यावर घर बांधायचं ठरलं. नकाशा काढणार होती आमची मुलगी प्राजक्ता. नागपूरला एका आर्किटेक्टकडे नोकरी करते, पण अख्खं घर एकटीनं काढायची तिची ही पहिलीच वेळ. तिचं ड्रॉइंग थेट ब्राउझरमध्ये उघडतं. ती नागपुरात रेघ ओढते आणि इथे माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती डोळ्यांदेखत उमटते. जो कोणी आत असेल त्याचा रंगीत बाण फिरताना दिसतो, बाणाला नावाची शेपटी. पहिल्या दिवशी मी दुपारभर तिच्या गुलाबी बाणामागे माझा हिरवा बाण पळवत बसलो. शेवटी तिचा फोन आला.

"बाबा, मले काम करू द्या ना जी!"

मग मी माझ्या अकलेला शोभेल असा पराक्रम केला. ती लिंक नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकली — 'आपल्या घराचा नकाशा, आशीर्वाद असू द्या.' लिंक उघडणाऱ्याला नकाशा बदलताही येतो, हे मला काय ठाऊक? संध्याकाळपर्यंत कोंढा गावच्या माझ्या साळ्यानं देवघर ईशान्येला नेलं होतं, आणि कुणीतरी संडास सरळ मिलच्या हद्दीत नेऊन ठेवला होता. प्राजक्तानं लिंक बंद केली. आता आत आम्ही दोघंच.

तरी जिना सरकला.

जिना डावीकडे हवा होता, रस्त्याच्या बाजूला. उद्या वरचा मजला भाड्यानं दिला तर भाडेकरू आमच्या स्वयंपाकघरातून जायला नको. पण एका सकाळी बघतो तर जिना उजवीकडे, मिलच्या भिंतीला लागून. चुकून माऊस लागला तर एखादी रेघ हलेल. इथे पायऱ्या, कठडा, वरच्या स्लॅबमधली मोकळी जागा — सगळं नीट बसवलेलं. प्राजक्तानं तो परत डावीकडे घेतला. काही दिवसांनी पुन्हा उजवीकडे.

बदल कुणी केला ते त्यात दिसतं. नाव होतं प्राजक्ताचं.

मला तिचाच संशय. तिला उजवीकडे आवडत असणार, तोंडावर सांगता येत नसेल. तिला माझा संशय. तिचा पासवर्ड मला माहीत होता, आमच्या कुत्र्याचं नाव.

"तुमी माह्या नावानं आत घुसता, बाबा."

"मले रेघ ओढता येत नाई, अन् मी जिना उचलून नेईन?"

"मंग कोन नेते?"

तिनं फोन ठेवून दिला. आमच्या घरात असा फोन ठेवणं म्हणजे भांडण सुरू झालं असं समजायचं.

पुढे ठेकेदार लांजेवारनं नेमका नको त्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवरून नकाशा मोबाईलवर घेतला, आणि चुन्याची फक्की मारून जिन्याचा खड्डा उजवीकडे खोदला.

"अरे, इकडे काहून खोदून राहिला?"

"ड्रॉइंगमंधी तसंच हाय ना, भाऊ!"

माझं डोकं फिरलं. मजुरांसमोर बोलून गेलो, "पोट्टीचं कामात ध्यानच नाई. दुसऱ्या इंजिनिअरकडून काढून घेऊ."

प्राजक्ता त्या दिवशी नागपूरहून आली होती. माझ्या मागेच उभी होती.

"घ्या काढून," ती म्हणाली. "ऑफिसातल्या सरलेही सांगते, मले घर काढता येत नाई म्हनून. नोकरी कायले ठेवतील मंग."

तिथून ती सरळ दुकानात आली, मागोमाग मी. पासवर्ड बदलला, जिथे जिथे तिचं खातं उघडं होतं तिथून ते बंद केलं. जिना डावीकडे घेतला. लॅपटॉप पिशवीत टाकला, फोन बंद करून माझ्या गल्ल्यावर आपटला. "आता पाहा तुमच्या खात्यातून. पुन्हा सरकला तर तुमी."

दुपार होती. मिलचा कोंडा उडत होता. माझ्या हातात चहाचा कप, तिचे दोन्ही हात मांडीवर. माऊसला कुणाचाच हात नव्हता.

कोपऱ्यातून गुलाबी बाण आला. शेपटीला नाव — प्राजक्ता.

तो जिन्यापाशी थांबला. मग एकेक पायरी उचलून उजवीकडे ठेवू लागला. अजिबात घाई नाही. एक पायरी जराशी तिरकी बसली, तेव्हा पुढे गेलेला बाण मागे फिरला आणि ती सरळ केली... मी कॉम्प्युटरकडे पाहतच राहिलो. प्राजक्तानं माझं मनगट धरलं.

"बाबा, मी इथंच आहो ना जी?"

मी शूर माणूस. उठलो आणि भिंतीतला प्लग उपटला. यूपीएस आहे हे विसरलो. त्याची टीं-टीं चालू, आणि त्या टीं-टींच्या तालावर शेवटची पायरीसुद्धा बसली.

दुसऱ्या दिवशी त्याच मजुरांसमोर मी म्हणालो, चूक पोरीची नाही. लांजेवारनं विचारलं, "मंग कोनाची, भाऊ?" मी म्हणालो, "कॉम्प्युटरची." तो माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होता, ती माझ्या ओळखीची; भाव वाढवून मागायला आलेल्या शेतकऱ्यांकडे मी तशाच नजरेनं पाहतो.

प्राजक्तानं सगळं घर कागदावर, पट्टीनं पुन्हा काढलं. त्यावरून बांधकाम झालं. जिना डावीकडेच आहे. तिची नोकरीही शाबूत आहे. तिच्या ऑफिसातले म्हणतात, कुठेतरी जुनी टॅब उघडी राहिली असेल. असेल. पण उघडी राहिलेली टॅब तिरकी पायरी सरळ करते का? जागेबद्दल जुन्या लोकांना विचारलं. विहीर नव्हती, कुणी मेलेलं नव्हतं, नुसती धानाची बांधी, म्हणजे शेत होतं. म्हणजे कारण म्हणून सांगायला माझ्यापाशी एक दाणाही नाही.

गेल्या महिन्यात ती सुट्टीला आली. मी पुढच्या खोलीत बसलो होतो. वरून मंदानं तिला घरातल्या नावानं हाक मारली, "पिंके, ये व वर!" ती "आली" म्हणाली, पिशवी ठेवली आणि मोबाईलमध्ये बघत बघत चालू लागली... उजवीकडे. कोऱ्या भिंतीपाशी तिनं पाऊल उचललं. एक हात कठड्याच्या उंचीवर, हवेत.

मग ती थांबली. हळूच वळून माझ्याकडे बघितलं.

"बाबा, तुमी पाह्यलं?"

"काय व? मी पेपर वाचून राहिलो ना."

पेपर माझ्या हातात नव्हता. ते तिलाही दिसत होतं. ती डावीकडून वर गेली, भिंतीला हात लावून, एकेक पायरी बघत.