बाहत्तर तासांची वही

पुण्यात मला पहिल्यांदा ‘अहो’ म्हणाले ते आमचे मालक. दुसरं कोणी आलंय का म्हणून मी मागे वळून बघितलं. “अहो, तुम्हालाच म्हणतोय. पाना द्या,” ते म्हणाले. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मालक पासष्टीचे, एसीची कामं घेतात. रागावले तरी अहो-जाहो सोडत नाहीत, त्यामुळे त्यांचं रागावणं जास्तच लागतं.

मी भंडाऱ्याकडचा. शाळा नववीत सोडली आणि नागपूरला एका कूलरच्या दुकानात लागलो. तिथून एसीच्या कामात, तिथून पुण्याला. बायको-मुलं गावी, मी वाघोलीत दोघांबरोबर खोली करून राहतो. काम येतं, पण कोणी कागद पुढे केला की अजून हाताला घाम सुटतो.

दोन वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयाच्या सर्व्हर रूमचं टेंडर निघालं. कार्यालयाचे सगळे मोठे कॉम्प्युटर असतात ती ही खोली. ते कधीच बंद होत नाहीत आणि चुलीसारखे तापतात. तिथले दोन मोठे एसी थकले होते. ते काढून नवे बसवायचे, पण कॉम्प्युटर मिनिटभरही बंद पडू द्यायचे नाहीत. म्हणजे एक एसी काढायचा, त्याच्या जागी नवा चालू करायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. असलं काम मी पूर्वी केलेलं होतं. पण अटींमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, साइट प्रमुख पदविकाधारक असावा.

“सर, मी हाताखाली राहतो. प्रमुख म्हणून दुसऱ्या कोणाला दाखवा,” मी म्हणालो.

“दाखवतो की. माझा भाचा आहे पदविकाधारक. कॉम्प्रेसर कुठे असतो ते त्याला विचारा आणि मलाही कळवा.”

टेंडर भरण्याआधी ठेकेदारांच्या शंका ऐकायला कार्यालयात एक बैठक होते. मालकांनी तिथे लेखी विचारलं, पंधरा वर्षं हेच काम केलेला माणूस चालेल का? आठवडाभरात शुद्धिपत्रक निघालं. पदविका किंवा दहा वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव. खाली आणखी एक ओळ होती. अनुभवावर नेमलेल्या साइट प्रमुखाने चाचणीच्या नोंदी स्वहस्ते घ्याव्यात.

मी तो कागद मोबाइलवर चार वेळा वाचला. “सर, माझ्यासाठी सरकारनं शुद्धिपत्रक काढलं.”

“तुमच्यासाठी कुठलं? भाच्याला टाळायचं होतं मला.”

काम आम्हाला मिळालं. देखरेखीला विद्युत विभागाच्या उपअभियंता मॅडम होत्या. चाळिशीच्या, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा अनुभवाचा दाखला वाचला.

“शिक्षण लिहिलेलं नाही यात.”

“नववी, मॅडम.”

“पास?”

“नाही. अर्ध्यात सुटली.”

त्यांनी दाखला फाइलला लावला. “अट बदलावी असा प्रस्ताव मी पाठवला होता. वरचे साहेब तयार नव्हते. तुमच्याकडून काही बिघडलं, तर पुढच्या टेंडरला पदविकाच लागेल आणि मी पुन्हा बोलणार नाही. लक्षात आलं?”

लक्षात आलं होतं. माझं एकट्याचं असतं तर वेगळं. माझ्यासारखे कितीतरी जण या शहरात गॅसच्या टाक्या खांद्यावर घेऊन जिने चढतात. त्यांच्यासाठी उघडलेली वाट माझ्या पायानं बंद व्हायची, असं मनात बसलं ते काही निघेना.

तिथे जीव रमला तो सुरक्षारक्षकामुळे. ते वर्ध्याकडचे, साठीला आलेले. एका एजन्सीतर्फे नोकरीला होते. मी बायकोशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं आणि थेट विचारलं, “कोणतं गाव गा तुह्यं?” त्या दिवसापासून ते माझे काकाजी झाले. दुपारी डबा खायला त्यांनी जिन्याखाली मला एक स्टूल ठेवलं. “पुण्याच्या भाजीत तिखट नसते, हे घे,” म्हणून रोज एक सुकी मिरची पुढे करायचे. मी इतकी काळजी करतो हे त्यांना पटत नसे. “काहून एवढा घाबरते बे? मशीन तुले ओळखते.”

दोन्ही एसी बसले. राहिली होती चाचणी. बाहत्तर तास खोलीचं तापमान पंचवीसच्या आत राहिलं पाहिजे. दर तासाला वहीत आकडा लिहायचा आणि सही करायची. एकदा जरी पंचवीसच्या वर गेलं तर पुन्हा पहिल्या तासापासून. काम संपवायच्या मुदतीला जेमतेम आठवडा होता. मॅडमच्या परवानगीनं रात्रीची पाळी माझ्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदाराकडे दिली, सकाळी सात ते संध्याकाळी सात माझी. मी दोन नवे पेन घेतले. आधी हातावर आकडा लिहायचो, मग वहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनची नोंद झाली, तेवीस. एप्रिलचं ऊन होतं, म्हणून छतावरची बाहेरची यंत्रं बघायला गेलो. तिथे जरा वेळ लागला. चार वाजता खाली आलो तर मीटरवर सत्तावीस पॉइंट एक.

दोन्ही एसी जोरात चालू. गॅसचा दाब ठीक, जाळ्या साफ. मग मानेवर गरम झुळूक लागली. कपाटांच्या मागे गेलो तर मागचं दार सताड उघडं, आणि ते मिटू नये म्हणून आगीसाठीची लाल वाळूची बादली लावलेली. बाहेर काकाजी बसले होते.

“काकाजी, दार कोणी उघडलं?”

“मीच ना. तू वरते गेला. आत दोन-दोन मशिनी चालू अन् सारं बंदच. हवेले जायाले वाट पायजे का नाई?”

“अहो, पण...”

“कूलर लावला का समोरची खिडकी खोलाच लागते. नाई त घरात दमट होते. तुह्या मायनं शिकवलं नाई काय?”

शिकवलं होतं. मीच नागपूरच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगायचो, ताई, खिडकी उघडी ठेवा. मला हसू आलं, आणि मी तिथेच खाली बसून हसलो. मग दार लावलं आणि त्यांना समजावून सांगितलं, हा कूलर नाही, ही खोली बंदच ठेवायची असते. आता चाचणी गेली. त्यांचा चेहरा उतरला.

“मंग माही नोकरी?”

वीस मिनिटांत तापमान पुन्हा तेविसावर आलं. चारची ओळ कोरीच होती. तिथे चोवीस लिहिलं असतं तर कोणाला कळणार होतं? मी मालकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“आकडा किती?”

“सत्तावीस पॉइंट एक.”

“मग मला कशाला विचारताय? तो लिहायला नववी पुरते.”

“आणि कारणाच्या रकान्यात?”

“साइट प्रमुख तुम्ही आहात,” म्हणाले आणि फोन ठेवला.

मी आकडा लिहिला. कारण लिहिलं: ‘साइट प्रमुख छतावर असताना मागील दार उघडे राहिले. दार बंद केल्यावर तापमान पूर्ववत.’ काकाजींचा उल्लेख केला नाही. हे खरं लिहिलं की अर्धवट, याचा विचार अजूनही कधीकधी मनात येतो.

साडेपाचला मॅडम आल्या. वही वाचली आणि हातातला एक छापील कागद तिच्याशेजारी ठेवला. नवी यंत्रं आकडे स्वतःही साठवून ठेवतात, हे माझ्या लक्षातच नव्हतं. त्यांनी ते आधीच काढून घेतले होते. त्यांचं बोट कागदावरून वहीवर आणि वहीवरून कागदावर फिरत राहिलं.

“याआधीच्या ठेकेदाराच्या वहीत बाहत्तरच्या बाहत्तर नोंदी बावीस होत्या,” त्या म्हणाल्या. “एकाच बैठकीत लिहिलेल्या. तुमचे आकडे जुळतात.” मग त्यांचं बोट कारणावर थांबलं. “दारं आपोआप उघडी राहतात का हो?”

“मी जागेवर नव्हतो, मॅडम.”

त्यांनी मान वळवून बघितलं. दारापाशी काकाजी टोपी सरळ करून उभे होते. मॅडमनी वही मिटली.

“चाचणी पुन्हा. उद्या सकाळी सातपासून.”

“हो, मॅडम.”

“साइट प्रमुख बदला, असं मी म्हणत नाहीये. तुम्ही होऊन बदललात तर मात्र लेखी कारण द्यावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः आले आणि मागच्या दारावर त्यांनी एक कागद चिकटवला. ‘हा कूलर नाही. हवेला बाहेर जायची घाई नाही. दार लावावे.’

काकाजींनी तो हळूहळू वाचला. “माह्याच साठी लिवलं वाटते साहेबांनी.”

“छे हो,” मालक म्हणाले, “दारासाठी आहे.”

पुढचे तीन दिवस काकाजी त्या दाराला खुर्ची टेकवून बसले. स्वतः मॅडम मागून आल्या तर त्यांनाही म्हणाले, “पुढून या जी.” मॅडम मुकाट्यानं पुढून आल्या. मी छतावर पाऊलही टाकलं नाही. वरची यंत्रं मालकांनी गुडघे धरत चढून बघितली. बावीस, तेवीस, बावीस पॉइंट चार. मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी सातला शेवटचा आकडा लिहिला तेव्हा पेन बोटांतून सुटेना.

मॅडमनी सही केली, शिक्का मारला. मी पहिली वही पिशवीत टाकायला घेतली.

“ती कुठे चालली?”

“ही फेल झालेली आहे, मॅडम.”

“म्हणूनच ती फाइलला लागेल.” त्यांनी ती माझ्या हातून घेतली आणि चारच्या नोंदीशेजारी बारीक सही केली. “पदविका नसलेला माणूस का चालतो, असं वरून विचारतील. तेव्हा मला काहीतरी दाखवावं लागणार आहे.”

मी आभार मानायला लागलो आणि थांबताच येईना. मालकांचे मानले, शुद्धिपत्रकाचे मानले, बहुतेक त्या एसीचेही मानले असतील.

“बरं, पुरे,” मॅडम म्हणाल्या. “तुमची शिडी व्हरांड्यात आडवी पडलीय. ती तेवढी न्या.”

शिडी लांब होती. एक टोक मी धरलं, दुसरं काकाजींनी, आणि आम्ही ती गेटपर्यंत नेली.