आमच्या घरातले दोन म्हातारे

घरात म्हातारं कुत्रं असलं की किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही. फक्त ते घडत असताना जीव टांगणीला लागलेला असतो, हसू येतं ते चार दिवसांनी!

आमचा गुंड्या चौदा वर्षांचा, गावठी, तांबडा. घरात मी, बायको स्मिता आणि माझे वडील, म्हणजे आबा. 'कुत्रं घरात नगं' म्हणून आबांनी सुरुवातीला केवढा दंगा केलता! आता दुपारी दोघं एकाच सतरंजीवर घोरतात.

*

गुंड्या हल्ली असा झोपतो की पोट हललेलं दिसतच नाही. ऑफिसातून आलो की चप्पल काढायच्या आधी मी त्याच्या नाकापुढं बोटं धरतो. तो दचकून उठतो, धापा टाकतो. त्या धापा बघून मी आणखीच घाबरतो.

स्मिता वैतागली, "जिवंत आहे का बघून बघूनच माराल त्याला!"

*

आबांची गुडघ्याची गोळी आणि गुंड्याची सांध्यांची गोळी, दोन्ही पांढऱ्या. एका सकाळी अदलाबदल झाली. मी तसाच गुंड्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोन्ही गोळ्यांची नावं विचारली, म्हणाले, "घाबरू नका, दोन्ही कॅल्शियमच आहेत."

आबा जिना उतरत म्हणाले, "तरीच! आज गुडघा लई हलका वाटाय लागलाय!"

*

गुंड्याला मोतीबिंदू झाला. सवयीच्या वाटेनं तो नीट चालतो, पण टेबल वीतभर सरकलं तरी कपाळमोक्ष. एकदा नेसरीचे पाहुणे आले. त्यांनी बसायला खुर्ची पंख्याखाली ओढली, तसे आबा कडाडले, "हलवू नगासा पावणं!"

"का? वास्तुशास्त्र?"

"न्हाय. कुत्रंशास्त्र!"

पाहुण्यांनी मुकाट खुर्ची जागेवर नेली आणि घाम पुसत चहा घेतला.

*

आणि हा गेल्या महिन्यातला. गुंड्यानं खाणं सोडलं. मटणाच्या तांबड्या रश्श्याकडंही बघेना, तेव्हा माझं धाबं दणाणलं. आबांनी आणि मी त्याला रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "किडन्या थकल्यात. सलाईन लावून बघू. पण मनाची तयारी ठेवा."

तपासताना त्यांनी गुंड्याच्या कानाशी जोरात टाळी वाजवली. मी दचकलो, गुंड्या नाही. "ऐकणं पार गेलंय. बरेच महिने झाले असणार."

सलाईन संपेपर्यंत आबा टेबलापाशी उभे. एक हात त्याच्या मानेवर, तोंड त्याच्या कानाशी. कुजबुज थांबेना. मी जवळ गेलो की गप्प व्हायचे.

संध्याकाळी गुंड्यानं मान उचलली, चार घोट पाणी प्यायला. डॉक्टर म्हणाले, "न्या घरी. सध्या तरी तरलाय."

रिक्षात गुंड्या आबांच्या मांडीवर. आबांची कुजबुज परत सुरू. मला राहवेना. म्हटलं, "आबा, डॉक्टर काय म्हणाले ऐकलं न्हाय व्हय? त्याला काही ऐकू येत नाही."

आबा बाहेर बघत म्हणाले, "ठावं हाय की मला. म्हणून तर त्येला सांगतोय."